लॅपटॉप तापतोय, पण नेमका कशानं?

गेमिंग लॅपटॉपच्या खोक्यात बारीक अक्षरांची एक पुस्तिका येते. ती कुणी वाचत नाही. तिच्या मागच्या पानांवर कुठेतरी वापराचं तापमान दिलेलं असतं, आणि बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत तिथे कमाल ३५ अंश सेल्सिअस असा आकडा सापडतो. ज्या खोलीत लॅपटॉप चालवायचा, त्या खोलीतल्या हवेचं हे तापमान. आता एप्रिलमधलं कोल्हापूर डोळ्यांसमोर आणा. सोलापूर-विदर्भाच्या मानानं आपण सुखी, हे खरं; तरी पारा ३७-३८ ला टेकतोच. डोक्यावर दिवसभर तापलेला स्लॅब नाहीतर पत्रा, कॉट बेसिसवर घेतलेली खोली, खिडकी एकच आणि तीही पश्चिमेला. दुपारी चारला अशा खोलीत लॅपटॉप सुरू केला, तर गेम उघडायच्या आधीच तो कंपनीनं आखलेल्या मर्यादेच्या काठावर असतो.

मग राजारामपुरीतल्या एखाद्या दुकानाच्या काउंटरवर बोलणं होतं. "दादा, लई तापतंय. गेम लावला की पंधरा मिनटांत अडकायला लागतंय." त्यावर मिळणारी उत्तरं ठरलेली आहेत. विंडोज फॉरमॅट मारूया. रॅम वाढवा. खाली कूलिंग पॅड घ्या. पेस्ट मारून देतो. आणि सगळ्यांत निवांत उत्तर म्हणजे, "गेमिंग हाय म्हटल्यावर तापणारच की!" यातलं प्रत्येक उत्तर कुठल्या ना कुठल्या लॅपटॉपला लागू पडतं, म्हणून तर ती टिकून आहेत. पण कोणतं उत्तर कुणाला, हे न बघता पैसे जातात, आणि बहुधा चुकीच्या टोकापासून जातात. हवा, धूळ, वॅट, पेस्ट आणि शेवटी बोर्ड या क्रमानं पाहिलं, तर निम्मे लॅपटॉप पहिल्या तीन पायऱ्यांतच मार्गी लागावेत असं माझं मत आहे.

प्रश्न फक्त गेम खेळणाऱ्या पोरांचा असता तर एवढं लिहायची गरज नव्हती. आपल्याकडे गेमिंग लॅपटॉप घेणाऱ्यांत गेमर किती आणि बाकीचे किती, हे एकदा कुणीतरी मोजायला हवं. केआयटी, डी. वाय. पाटील अशा कॉलेजांतली इंजिनिअरिंगची मुलं थ्रीडी डिझाइनसाठी तो घेतात. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांना साच्यात रस ओतण्याआधी धातू कसा गोठेल, पोकळी कुठे राहील हे संगणकावर बघायचं असतं; ते गणित तास-तास चालतं. लग्नसराईत व्हिडिओ एडिटरचा लॅपटॉप रात्र-रात्र रेंडरला लावलेला असतो. हुपरीच्या चांदी व्यवसायात डिझाइन करणारी मंडळी आहेत. गेम तासा-दोन तासांनी थांबतो, रेंडर थांबत नाही. तापण्याचा खरा त्रास या लोकांना होतो, आणि त्यांचं पोटही त्यावर असतं.

मूळ हिशेब सोपा आहे. चिपचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक वाढ. ही वाढ चिप किती वॅट खाते आणि ती उष्णता बाहेर काढणारी यंत्रणा कशी आहे, यावर ठरते. यूट्यूबवरचे परीक्षक बहुधा २०-२२ अंशांच्या एसी खोलीत लॅपटॉप तपासतात. तिथे ८२ अंश दाखवणारा प्रोसेसर आपल्याकडच्या ३४ अंशांच्या खोलीत तेवढ्याच कामाला ९४ च्या आसपास जाणार. यंत्र तेच आहे आणि बिघाडही काही नाही, फक्त हवा बारा अंशांनी गरम आहे. पंखा कितीही जोरात फिरला तरी खोलीतल्या हवेपेक्षा थंड हवा तो आणणार कुठून? सर्व्हर ठेवणाऱ्या डेटा सेंटरमध्ये आत शिरणारी हवा १८ ते २७ अंशांत ठेवावी अशी शिफारस असते. तिथे करोडो रुपये फक्त हवेवर खर्च होतात. आपण मात्र एक लाखाचा लॅपटॉप गादीवर ठेवतो.

गादीचा विषय इथेच संपवू. बहुतेक गेमिंग लॅपटॉप हवा खालून ओढतात आणि मागून किंवा बाजूंनी फेकतात. गादी, उशी, रजई, मांडी यांवर ठेवला की खालची जाळी बंद. मग लॅपटॉप स्वतःचीच गरम हवा परत-परत गिळतो. मांडीवर ठेवण्याचा धोका तर लॅपटॉपपेक्षा मांडीला जास्त: स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या डॉक्टरांनी २०१० मध्ये 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात एका बारा वर्षांच्या मुलाची नोंद दिली होती. रोज तासन्‌तास मांडीवर लॅपटॉप घेऊन खेळल्यामुळे त्याच्या डाव्या मांडीच्या त्वचेवर जाळीसारखे डाग उमटू लागले होते. टेबलावर ठेवा, आणि मागची बाजू दोन खोडरबरांवर उचला. खोडरबरं दहा रुपयांची, आणि जो फरक पडतो तो साध्या कूलिंग पॅडच्या तोडीचा असतो.

आता मर्यादा. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंश आहे. एएमडीच्या बऱ्याच रायझनांची ९५, काहींची १००. एनव्हिडियाच्या लॅपटॉपमधल्या ग्राफिक्स चिपा साधारण ८७ अंशांच्या आसपास स्वतःला आवरतात. मर्यादा आली की चिप आपला वेग आपणच उतरवते. ग्राहकाला जे 'अडकणं' दिसतं ते हेच, यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. म्हणजे अडकणं हा चिपचा स्वसंरक्षणाचा उपाय आहे, आणि फॉरमॅट मारून तो जाणार नाही. एचडब्ल्यूइन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम टाकला की प्रत्येक भागाचं तापमान, वॅट आणि पंख्याचा वेग डोळ्यांसमोर येतो. मर्यादा गाठली का, हेही तो सरळ 'हो-नाही'त सांगतो. काउंटरवर जाण्याआधी हा प्रोग्रॅम अर्धा तास चालवून त्याचा फोटो काढून नेणारा ग्राहक फसत नाही.

आकडा बघून मात्र घाबरायचं नाही. जड काम चालू असताना ९० ते ९५ दिसणं आजच्या पातळ गेमिंग लॅपटॉपमध्ये नेहमीचं आहे; कंपनीनं तसंच आखलेलं असतं. गेल्या वर्षी त्याच खोलीत, त्याच गेमला ८४ असायचे आणि आता ९७ आहेत, हा बदल लक्षात घ्यायचा. नुसता डेस्कटॉप समोर असताना ७० दिसत असतील, तर आत काहीतरी तुंबलंय किंवा पडद्याआड एखादा प्रोग्रॅम चिप राबवतोय. गेम सुरू केल्या-केल्या दहा सेकंदांत शंभरी गाठत असेल, तर हीटसिंक, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग, चिपवर नीट टेकलेलाच नाही. आणि वीस मिनिटांनी हळूहळू चढत असेल, तर हवेचा किंवा धुळीचा प्रश्न. रोगाचं निदान चढण्याच्या वेगावरून होतं, हे निम्म्या दुकानदारांनाही माहीत असतं. सांगत नाहीत, कारण विचारत कुणी नाही.

या सगळ्याचं मूळ लॅपटॉप पातळ करण्याच्या हौसेत आहे. इंटेलचा कोअर आय७ १२७००एच घ्या: नोंदलेली मूळ शक्ती ४५ वॅट, पण जोर लावला की ११५ वॅटपर्यंत. २०२३ चा कोअर आय९ १३९८०एचएक्स तर ५५ वरून १५७ वॅटपर्यंत जातो. शेजारी ग्राफिक्स चिप आपले शंभर-सव्वाशे वॅट घेऊन बसलेली. बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण शंभर वॅट उष्णता बाहेर पडते. म्हणजे दोनशे वॅटचा लॅपटॉप चालू असताना त्या छोट्या खोलीत दोन जादा माणसं येऊन बसल्याइतकी गरमी वाढते. ही उष्णता दोन बोटं जाडीच्या डबीतून काढायची. दीडशे वॅट बाहेर न्यायचे आणि हवा फक्त वीस अंशांनी तापू द्यायची म्हटलं, तर दर सेकंदाला सहा-सात लिटर हवा आरपार जायला हवी. ती जाते तांब्याच्या नळ्या आणि बारीक पत्र्यांच्या जाळीवरून. त्या नळ्या पोकळ असतात. आत कमी दाबाखाली थोडंसं पाणी असतं. चिपपाशी त्याची वाफ होते, जाळीपाशी ती निवून पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या अस्तरातून परत चिपकडे येते. अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये ही 'हीट पाइप' पुढे आणली, अंतराळयानांचा विचार डोळ्यांसमोर ठेवून. आज ती राजारामपुरीतल्या टेबलावर उलटी पडलेली दिसते.

ज्या शहराच्या उद्यमनगरानं शेतकऱ्यांना ऑइल इंजिनं पुरवली, तिथे पुढचा मुद्दा समजायला कष्ट नकोत: इंजिन किती अश्वशक्तीचं, हे पाटीवर असतं, पण ते दिवसभर पंप ओढणार की तासाभरात बंद पडणार, हे त्याच्याभोवती पाणी किती फिरतं त्यावर ठरतं. लॅपटॉप घेताना आपण फक्त पाटी वाचतो. आरटीएक्स ४०६० या एकाच नावाची लॅपटॉप चिप ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कुठेही बसवलेली असू शकते. नाव एक, पण कामात जमीन-अस्मानाचा फरक. कंपन्यांनी हा आकडा ग्राहकाला सांगावा, असा आग्रह एनव्हिडियानं २०२१ मध्ये धरला. आपल्या दुकानांतल्या किमतीच्या कार्डावर तो अजून सहसा नसतो. मोठ्या नावाच्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. अ‍ॅपलनं २०१८ च्या मॅकबुक प्रोमध्ये कोअर आय९ बसवला आणि तो जड कामात मूळ वेगाच्याही खाली येतो, असं लोकांनी दाखवून दिलं. त्याच वर्षी जुलैत अ‍ॅपलनं फर्मवेअरमध्ये एक डिजिटल की राहून गेल्याचं मान्य करून सुधारणा पाठवली.

आता लॅपटॉप उलटा करू. सगळ्यात जास्त फायदा इथेच आहे आणि सगळ्यात कमी लक्षही इथेच दिलं जातं.

खालचं कव्हर काढलं की दोन काळे पंखे दिसतात, आणि बघणारा म्हणतो, "स्वच्छ तर आहे." पात्यांवर थोडी करडी धूळ, बाकी काही नाही. जाळीही बाहेरून चकचकीत. कारागीर पंख्याचे तीन स्क्रू काढतो, पंखा अलगद उचलतो, आणि पंखा व जाळी यांच्या मधल्या फटीत एक करडी पट्टी उभी असते, जाळीच्या पूर्ण लांबीची. चिमट्यानं एका टोकाला धरली की ती अखंड निघून येते. जवळून पाहिली तर त्यात केस आहेत, कापसाचे तंतू आहेत, चादरीचे धागे आहेत, आणि त्यांच्यात बारीक धूळ गच्च बसलेली. पंखा दीड-दोन वर्षं या पट्टीवर हवा मारत होता आणि पलीकडे काही जात नव्हतं. बाहेरून ब्लोअर मारल्यानं ही पट्टी निघत नाही; उलट मारली तर मागे सरकते, पंखा लागला की पुन्हा जाग्यावर. त्यामुळे 'ब्लोअर मारून दिला' या सर्व्हिसिंगवर समाधान मानू नका. पंखा निघाला का, एवढंच विचारा.

ब्लोअरची आणखी एक गोम. हवेच्या झोतानं पंखा त्याच्या मर्यादेपलीकडे भिरभिरतो, बेअरिंग खराब होतं आणि मोटर उलटी वीजही तयार करते. पात्याला बोट लावून धरायचं, मग झोत मारायचा. आणि सगळ्यात आधी बॅटरीची केबल काढायची. हे न करता स्क्रू-ड्रायव्हर चालवणारा कारागीर दिसला, तर लॅपटॉप उचलून घरी या.

धुळीलाही गावाचा गुण असतो. इचलकरंजीत यंत्रमागाच्या शेजारी राहणाऱ्याच्या लॅपटॉपमध्ये कापसाचे तंतू जाळी लवकर गच्च करतात. फाउंड्रीच्या ऑफिसात वाळूची बारीक, खरखरीत धूळ. ती जाळी तुंबवण्याआधी पंख्याचं बेअरिंग खाते आणि पंखा घरघरू लागतो. गळीत हंगामात कारखान्यांच्या आसपास गच्चीवर काजळी उतरते, तीच खिडकीतून टेबलावर येते. पण सगळ्यांत वाईट प्रकार म्हणजे एकाच खोलीत अभ्यास आणि स्वयंपाक करणाऱ्या पोरांचा. फोडणीचा तेलकट धूर धुळीला चिकट करतो आणि ती मग चिमट्यानं निघत नाही, ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं. रोज टेबलावर उदबत्ती लावणाऱ्यांचंही थोडंफार असंच. इचलकरंजीकरानं सहा महिन्यांनी, शहरातल्या माणसानं वर्षातून एकदा जाळी साफ करून घ्यावी, असा माझा अंदाज आहे. कंपन्या असा गावनिहाय सल्ला देत नाहीत, आणि देणारही नाहीत.

उंचीमुळे कोल्हापुरात लॅपटॉप जास्त तापतो असंही कुणी-कुणी सांगतं. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहोत. हवा पाच-सहा टक्के विरळ. फरक आहे, पण त्यासाठी चर्चेचा चहा संपवण्याची गरज नाही. पावसाळ्यातल्या दमटपणाचं मात्र वेगळं आहे. त्यानं तापमान वाढत नाही, उलट जून ते सप्टेंबर हा लॅपटॉपचा सुखाचा काळ. पण साठलेली धूळ ओल धरते आणि बोर्डावर गंज चढवते. पावसाळ्याआधी धूळ काढण्याचं खरं कारण हे.

लॅपटॉप उघडलाच आहे, तर वॅटच्या आधी पेस्टचं पाहून घेऊ; वाद इथेच सुरू होतात. चिपचा पृष्ठभाग आणि हीटसिंकचं तांबं दोन्ही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात सूक्ष्म फटी राहतात. फटीत हवा आली की संपलं, कारण हवा उष्णता जवळजवळ वाहूच देत नाही. तांबं हवेच्या हजारो पट चांगलं वाहक आहे. पेस्टचं काम या फटी भरणं, एवढंच. म्हणून 'जास्त मारली म्हणजे जास्त थंड' हा समज खोटा. लॅपटॉपमध्ये चिप उघडी असते, तिच्यावर डेस्कटॉपसारखं धातूचं झाकण नसतं. ती तापते-निवते, फुगते-आकसते, आणि प्रत्येक फेरीत पातळ पेस्ट थोडी-थोडी कडेला ढकलली जाते. त्यामुळे डेस्कटॉपवर नावाजलेली महागडी पातळ पेस्ट लॅपटॉपमध्ये चार-सहा महिन्यांत उघडी पडते, आणि ग्राहक म्हणतो, पेस्ट बोगस होती. पेस्ट चांगली होती, जागा चुकली. लॅपटॉपला दाट पेस्ट हवी.

गेल्या काही वर्षांत याला चांगला पर्याय आलाय. हनीवेल कंपनीचं पीटीएम७९५० हे पेस्टऐवजी वापरायचं पातळ पान. साधारण ४५ अंशांना ते मऊ होतं, फटी भरतं, निवलं की पुन्हा घट्ट. कडेला ढकललं जात नाही. लेनोवोनं आपल्या लीजन लॅपटॉपांत ते कारखान्यातच वापरलंय. लावल्यावर पहिल्या दिवशी पेस्टपेक्षा फार फरक दिसत नाही. दोन वर्षांनी दिसतो. नक्कल मात्र बाजारात भरपूर आहे, तेव्हा खात्रीच्या विक्रेत्याकडूनच घ्यावं. कोल्हापुरातल्या बऱ्याच दुकानांत अजून सिरिंजमधली पांढरी-करडी पेस्टच चालते. चार पैसे जास्त घ्या, पण हे पान ठेवा, असं दुकानदारांना सांगावंसं वाटतं.

दुसऱ्या टोकाला लिक्विड मेटल. गॅलियम आणि इंडियमचं हे मिश्रण खोलीच्या तापमानालाही द्रव राहतं आणि साध्या पेस्टच्या कित्येक पट उष्णता वाहतं. असूसनं २०२० पासून आपल्या आरओजी लॅपटॉपांत ते कारखान्यात लावायला सुरुवात केली, सोनीच्या प्लेस्टेशन ५ मध्येही आहे. घरी मात्र हा नाद करू नये. गॅलियम ॲल्युमिनियम खातं, आणि हे मिश्रण वीज वाहून नेतं. बॅगेत हिंदकळणाऱ्या लॅपटॉपमध्ये एक थेंब बोर्डावर गेला तर सत्तर हजारांचं एका क्षणात भंगार. कारखान्यात भोवती बांध घालून, यंत्रानं लावतात ते वेगळं.

पेस्टपेक्षा जास्त घोटाळे होतात ते थर्मल पॅडमुळे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. ग्राफिक्स मेमरी आणि वीज पुरवणारे भाग यांच्यावर रबरासारखे छोटे चौकोन असतात, कुठे अर्धा मिलिमीटर, कुठे एक, कुठे दीड. जुने फाटले म्हणून कारागिरानं हाताशी असलेले जाड पॅड लावले की हीटसिंक केसभर उचलला जातो आणि मुख्य चिपवर टेकतच नाही. सर्व्हिसिंगनंतर लॅपटॉप जास्त तापायला लागला अशी तक्रार आली, तर पहिला संशय इथे घ्यावा. दुसरा संशय स्क्रूंच्या क्रमावर: हीटसिंकवर स्क्रूंशेजारी १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात, ते शोभेला नसतात. एका कोपऱ्याचा पूर्ण आवळून मग दुसरा घेतला की दाब तिरका बसतो.

आता वॅट कमी करण्याचे उपाय. हे फुकट आहेत, पाच मिनिटांत होतात, आणि लॅपटॉप खोलावा लागत नाही. तरी लोक आधी पैसे देऊन कूलिंग पॅड आणतात. सर्वांत सोपं म्हणजे गेमला फ्रेमची मर्यादा घालणं. स्क्रीन १४४ हर्ट्झची असताना गेम २०० फ्रेम काढत बसला, तर वरच्या ५६ फ्रेम डोळ्यांपर्यंत पोचत नाहीत, फक्त उष्णता पोचते. दुसरं, विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल स्थिती १०० ऐवजी ९९ टक्के करणं. एका टक्क्यानं काय होतं, असं वाटेल. पण त्यानं टर्बो, म्हणजे चिपचा तो जादा जोर, बंद होतो आणि तापमान सरळ दहा-पंधरा अंशांनी उतरू शकतं. ग्राफिक्सवर भार असलेल्या गेममध्ये वेग फारसा पडत नाही. रेंडर आणि सिम्युलेशनवाल्यांनी मात्र हा उपाय करू नये, त्यांचा वेळ वाढेल.

तिसरा उपाय अंडरव्होल्टिंग. चिपा कारखान्यातून थोडं जादा व्होल्टेज घेऊन येतात, कारण लाखातली सगळ्यात कमकुवत चिपही चालली पाहिजे. तुमची चिप बरी असेल तर व्होल्टेज थोडं उतरवूनही ती त्याच वेगानं चालते. शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणून व्होल्टेज १० टक्के उतरलं की शक्ती जवळजवळ १९ टक्के उतरते. इतका स्वस्त फायदा दुसरा नाही. अडचण अशी, की डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेची त्रुटी उघड झाली. व्होल्टेज खाली-वर करून प्रोसेसरमधली गुपितं काढता येतात, असं संशोधकांनी दाखवलं. त्यानंतर अनेक कंपन्यांनी बायोसमधूनच हे दार बंद केलं. थ्रॉटलस्टॉप किंवा इंटेलच्या एक्सटीयू या व्होल्टेज बदलायच्या प्रोग्रॅममध्ये तो पर्याय करडा दिसला तर समजा, तुमच्या लॅपटॉपवर बंद आहे. ग्राफिक्स चिपचं व्होल्टेज मात्र एमएसआय आफ्टरबर्नरमधून अजूनही बऱ्याच लॅपटॉपवर उतरवता येतं, आणि गेममध्ये खरा भार तिच्यावरच असतो.

कूलिंग पॅडबद्दल दोनच वाक्यं. निळे दिवे आणि पाच पंखे असलेला साधा पॅड दोन-चार अंश उतरवतो. भोवती स्पंज असलेला, हवा दाबानं आत ढकलणारा महागडा प्रकार चांगलं काम करतो, पण तो पंख्याच्या आवाजासकट झेपला पाहिजे आणि आतली जाळी तुंबलेली असेल तर तोही व्यर्थ. पाण्याचा एअर कूलर लॅपटॉपच्या तोंडासमोर ठेवू नका, त्याचे तुषार आणि पाण्यातले क्षार आत जातात. एसी असेल तर प्रश्नच मिटला.

उरला शेवटचा आणि महागडा टप्पा, बोर्ड. डिस्प्ले जातो, चालू होत नाही, आणि कुणीतरी म्हणतं, "चिपला हीट मारून बघूया." याचा इतिहास पाहण्यासारखा आहे. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियानं लॅपटॉपमधल्या काही सदोष ग्राफिक्स चिपांच्या दुरुस्तीसाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. चिपखालचे सोल्डरचे बारीक मणी वारंवार तापून-निवून तडकत होते. एचपी, डेल, अ‍ॅपल अशा अनेकांचे लॅपटॉप त्यात सापडले. त्या काळात जगभर हीट गननं चिप भाजण्याची पद्धत रुजली. भाजल्यावर तडा तात्पुरता जुळतो, लॅपटॉप काही आठवडे-महिने चालतो, मग पुन्हा जातो. ही दुरुस्ती नाही, फारतर डेटा काढून घेण्याची मुदत आहे. मणी बदलून रिबॉलिंग केलं तरी चिपच आतून गेली असेल तर उपयोग नाही. 'हीट मारून' देणाऱ्यानं गॅरंटी किती दिवसांची, हे विचारलं की तो स्वतःच खरं सांगतो.

बॅटरीलाही उष्णता सोसत नाही. कायम चार्जरवर असणाऱ्या लॅपटॉपमध्ये चार्ज ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय बहुतेक कंपन्यांच्या प्रोग्रॅममध्ये असते, ती चालू करावी. टचपॅड वर आला किंवा खालचं कव्हर फुगलं, तर बॅटरी फुगली आहे. तेव्हा लॅपटॉप तिथेच बंद करायचा, चार्जिंगला लावायचा नाही, दाबून बसवायचा तर अजिबात नाही.

अधिकृत सर्व्हिस सेंटर की गल्लीतलं दुकान? वॉरंटी असेपर्यंत सेंटर, हा साधा नियम. मात्र तिथे 'तापमान मर्यादेत आहे' असं सांगून परत पाठवलं जातं, तेव्हा आपला एचडब्ल्यूइन्फोचा फोटो आणि खोलीचं तापमान लेखी द्या. कव्हर उघडल्यावर वॉरंटी जाते का, हे कंपनीनुसार बदलतं. रॅमसाठी उघडायला परवानगी देणाऱ्याही कंपन्या आहेत, तेव्हा ईमेलवर विचारून ठेवा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २४ डिसेंबर २०२२ ला 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. तिथे सहभागी कंपन्यांची दुरुस्ती-वॉरंटीची माहिती मिळते. दाद लागत नसेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही. म्हणजे बाजारातला जवळजवळ प्रत्येक गेमिंग लॅपटॉप त्यात बसतो.

वॉरंटी संपल्यावर गल्लीतलं चांगलं दुकान सेंटरपेक्षा सरस ठरतं. या शहरात हातात कसब असलेल्या कारागिरांची कधीच कमतरता नव्हती. फक्त त्यांच्याकडून काम मोजून घ्यायची सवय आपल्याला नाही. लॅपटॉप देताना त्याच दुकानात दहा मिनिटं भार टाकून तापमान लिहून घ्या. परत घेताना तोच भार, त्याच टेबलावर, पुन्हा दहा मिनिटं. जुने पॅड आणि काढलेली धुळीची पट्टी दाखवायला सांगा. दोन्ही आकडे बिलावर लिहून देणाऱ्याला मागेल तेवढे पैसे द्या. लिहून द्यायला का-कू करणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका. आणि हे काम फेब्रुवारीत करा, मे महिन्यात नको.